कुंडीतली पाणवनस्पती दोन महिन्यांत मरते, हा दावा का टिकत नाही

कोल्हापुरात मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. फिश टँकच्या तळाशी या काचेपासून त्या काचेपर्यंत चार इंच मातीचा थर असल्याशिवाय पाणवनस्पती जगत नाही, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. कुंडीत लावलेले रोप दोन महिन्यांत मरते, कारण मुळांना जागा मिळत नाही. कुंडीतली माती सडते आणि मासे दगावतात. शिवाय तळ उघडा राहिला तर पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जिवाणूंना राहायला ठिकाणच उरत नाही, अशी कारणे त्यात दिली आहेत. हे वाचून माझ्या ओळखीच्या दोन मुलांनी कुंड्यांतली रोपे उपटून टाकली आणि ती रोपे मेलेली नव्हती, म्हणून या मजकुराला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

दोन महिन्यांचा आकडा कुठून आला असावा, हे आधी समजून घेऊ, कारण या आकड्यामागचा अनुभव खरा आहे, फक्त त्याचा दोष चुकीच्या जागी ठेवला गेला आहे. दुकानात मिळणारी बहुतेक पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याखाली वाढवलेली नसते. मुळे ओली आणि पाने हवेत, अशा रीतीने ती वाढवली जाते, कारण हवेतून कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, वाढ वेगाने होते आणि पानांवर शेवाळ धरत नाही. हवेत तयार झालेले पान जाडसर असते, त्यावर पाणी टिकवून ठेवणारा मेणचट थर असतो आणि पाण्याखाली गेल्यावर ते आपले काम नीट करू शकत नाही. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत जुनी पाने पिवळी पडतात, पारदर्शक होतात, गळतात, आणि त्याच वेळी बुंध्यातून पाण्यासाठी घडलेली पातळ, बहुधा अरुंद पाने वर येऊ लागतात. क्रिप्टोकोरीनच्या बाबतीत तर जागा बदलली, पाणी बदलले किंवा उजेड बदलला तरी सगळी पाने दोन-चार दिवसांत अक्षरशः विरघळून जातात आणि नवखा माणूस घाबरतो. ही पानगळ सलग मातीच्या थरातही तशीच होते. तिथे रोप मातीत गाडलेले असल्याने कोणी उपटून पाहत नाही आणि महिन्याभराने कोंब आला की मातीचे कौतुक होते. कुंडी मात्र हाताशी असते, ती लगेच उचलली जाते आणि रोप टाकून दिले जाते. पाने गेली तरी बुंधा बोटाने दाबून पाहावा. तो टणक असेल तर रोप जिवंत आहे. लिबलिबीत असेल आणि त्याला कुजका वास येत असेल तरच ते गेले असे समजावे.

दुकानातल्या जाळीदार प्लास्टिक कुंडीत मुळांभोवती रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेले कापसासारखे तंतू, असते, ते न काढता रोप तसेच टँकमध्ये ठेवणे मात्र योग्य नाही. ते तंतू पाण्यात पसरतात आणि मुळे त्यांतून सुटत नाहीत. ही चूक कुंडीची नसून रोप कुंडीत नीट न लावण्याची आहे.

मुळांना जागा मिळत नाही, हा दुसरा मुद्दा. सगळ्या पाणवनस्पती एकाच पद्धतीने जगतात, असे गृहीत धरल्यामुळे तो निर्माण झाला आहे. हॉर्नवर्टला मुळेच नसतात. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे खोड मातीत गाडले तर कुजते, त्यामुळे मजकुरातला चार इंचांचा थर त्यांच्यासाठी निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे. ती दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावी लागतात. बाकीच्या वनस्पतींपैकी बऱ्याच जणी पानांवाटेही अन्न घेतात. आणि मुळांवर ज्यांची खरोखरच मोठी भिस्त असते, त्या क्रिप्टोकोरीनचे उदाहरण तर आपल्याच परिसरात आहे. क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिस ही जाती पश्चिम घाटातल्या ओढ्यांच्या खडकाळ पात्रात वाढते, आणि दगडांच्या फटीत अडकलेल्या वाळू-गाळावर तिचे भागते. फटीत मावेल एवढ्याच मातीत पावसाळ्यातली धार सोसणाऱ्या वनस्पतीला चार इंच व्यासाची कुंडी अपुरी पडते, हे म्हणणे पटण्यासारखे नाही.

अ‍ॅमेझॉन सोर्डसारख्या मोठ्या रोपाला लहान कुंडी पुरत नाही, हे मी मान्य करतो. त्याला निदान सहा इंचांची कुंडी द्यावी, आणि भोकातून मुळे बाहेर आली व नवी पाने आधीपेक्षा लहान येऊ लागली की कुंडी बदलावी किंवा मातीत खताची गोळी खोचावी. सलग थरात गोळी दिली तर तिचा अंश आजूबाजूला पसरतो. कुंडीत तो बराचसा त्याच रोपाच्या वाट्याला येतो. व्हॅलिसनेरिया तर आडवे धुमारे सोडून सगळा टँक व्यापते, आणि तिला आवर घालायला कुंडीइतका सोपा उपाय नाही.

माती सडते, हा तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात माशांच्या जिवाचा प्रश्न आहे. पाण्याखालच्या मातीत खोलवर प्राणवायू पोहोचत नाही, तिथे सेंद्रिय पदार्थ कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो आणि तो माशांना विषारी असतो, हे खरे आहे. परंतु हे जर भयाचे कारण असेल, तर ते चार इंचांच्या सलग थरात जास्त आहे, कारण त्या थराचा बराच भाग मुळांविना पडून असतो. पाणथळ जागेतल्या वनस्पतींच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू खाली उतरतो आणि मुळांवाटे थोडा मातीत झिरपतो. मुळांनी भरलेल्या कुंडीत म्हणूनच माती सहसा बिघडत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सुरुवातीला मी कुंभार गल्लीतून आणलेली, रंग न दिलेली संक्रांतीची सुगडे वापरत असे. सुगडाचे तोंड अरुंद असल्याने वाढलेले रोप बाहेर निघेना, म्हणून एक सुगड फोडावे लागले. आतली माती मधोमध राखाडी-काळसर झाली होती, पण क्रिप्टोकोरीनच्या एकेका मुळाभोवती तांबूस, गंजाच्या रंगाचे बारीक वेष्टन चढले होते. मुळातून झिरपलेल्या प्राणवायूने मातीतले विरघळलेले लोह मुळाच्या अंगावर गंजासारखे बसते, त्याचा तो रंग होता. गगनबावडा किंवा राधानगरीकडच्या भातखाचरातून रोप उपटून धुतले तर त्याच्या मुळांवरही अशीच तांबूस छटा दिसते. सडलेल्या मातीचा वास त्या सुगडाला मुळीच नव्हता.

अर्थात कुंडीत काय भरले जाते, यावर बरेच अवलंबून आहे. शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेली बागेची माती घातली तर अमोनिया सुटणार आणि मासे संकटात येणार, मग ती माती कुंडीत असो की तळभर पसरलेली असो. काळी माती पाण्यात फुगते आणि पाणी गढूळ करते. मी पन्हाळ्याच्या बाजूची लाल माती बिनखताची घेतो. तिच्यात लोह भरपूर असते आणि प्राणवायू कमी असलेल्या ठिकाणी ते मुळांना घेता येईल अशा रूपात येते. ती माती चाळून, दोन-तीनदा भिजवून, वर तरंगणारा काडीकचरा काढून टाकून, तीन-चार सेंटिमीटर भरावी आणि वर दोन सेंटिमीटर धुतलेली जाड वाळू घालावी.

जिवाणूंचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू ज्या पृष्ठभागावरून प्राणवायू असलेले पाणी वाहते, तिथे वाढतात. म्हणजे प्रामुख्याने फिल्टरच्या स्पंजमध्ये, आणि काही प्रमाणात काचेवर, दगडांवर व कुंड्यांच्या भिंतींवर. थराच्या खोल भागात त्यांना प्राणवायूच मिळत नाही. माशांची पैदास करणारे अनेकजण तर उघड्या काचेच्या तळावर केवळ स्पंज फिल्टरच्या बळावर टँक चालवतात.

मजकुरात न आलेली एक बाजू आपल्या शहरासाठी फार महत्त्वाची आहे. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टँकमध्ये चार इंचांचा थर म्हणजे सुमारे १९ लिटर, आणि तो वाळूचा असेल तर कोरडाच जवळपास ३० किलो. अर्धा लिटरच्या सहा कुंड्यांत सगळी मिळून तीन लिटर माती बसते. २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेले, तेव्हा शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यावरचा टँक हलवणे भाग पडले. मासे एका बादलीत, सहा कुंड्या दोन बादल्यांत टँकच्याच पाण्यासह आणि रिकामा टँक दोघांच्या हातांत, असे सगळे वीस मिनिटांत वरच्या मजल्यावर गेले. पुढचे काही दिवस नळाला पाणी नव्हते, वीजही नव्हती. रोपे खिडकीपाशी बादलीतच राहिली आणि टँक पुन्हा मांडला तेव्हा एकही रोप मुळापासून हलले नव्हते. माशांना पांढरे ठिपके येऊन मिठाचा उपचार करावा लागतो, तेव्हाही रोपे अशीच बाजूला काढता येतात, कारण उपचाराइतके मीठ बऱ्याच पाणवनस्पतींना सोसत नाही.

एका ठिकाणी मात्र मजकूर लिहिणाऱ्याचे म्हणणे मला मान्य आहे. तळभर हिरवळीसारख्या पसरणाऱ्या बुटक्या वनस्पती, उदाहरणार्थ ग्लॉसोस्टिग्मा, लावायच्या असतील तर त्यांचे धुमारे कुंडीच्या काठाशी येऊन थांबतात आणि हिरवळ तुकड्यातुकड्यांची दिसते. अशा टँकला सलग थरच हवा, आणि तो चार इंच नव्हे, दोन इंचही पुरतो, कारण त्या वनस्पतींची मुळे फार खोल जात नाहीत.