खिशात किल्ली आहे का, ते आधी बघा

पोटगी थकवणाऱ्याला सरळ आत टाका, असं लिहिलं की पोस्टखाली टाळ्यांचा पाऊस पडतो. मी वकील, त्यातही बहुतेक कामं बायकांच्या बाजूची, म्हणजे मी तर हेच म्हणायला हवं. पण एका अमेरिकन खटल्याचा निकाल वाचल्यापासून या टाळ्या मला पूर्वीसारख्या गोड लागत नाहीत. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

साउथ कॅरोलायना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात ओकोनी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच समजा, पण छोटेखानी. तिथल्या फॅमिली कोर्टाने २००३ साली एका बापाला लेकरासाठी आठवड्याला ५१ डॉलर ७३ सेंट भरायला सांगितलं. त्या राज्याची पद्धत अशी की कोर्टाचा क्लार्कच दर आठवड्याला थकबाकीच्या नोंदी चाळतो. पाच दिवसांपेक्षा जास्त उशीर दिसला, की कोर्टाच्या अवमानाबद्दल तुला शिक्षा का करू नये, अशी नोटीस थेट बापाला जाते. आईला अर्ज घेऊन खेटे घालावे लागत नाहीत. हे वाचून मला आधी हेवाच वाटला, खोटं कशाला बोलू!

या बापाला तीन वर्षांत पाच वेळा अवमानाबद्दल दोषी धरलं. पहिल्या चार वेळा शिक्षा ९० दिवसांची होती, आणि चारही वेळा त्याने पैसे भरले: दोनदा तुरुंगाचं तोंड न बघता, दोनदा दोन-तीन दिवस आत काढून. म्हणजे धाकाचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाचव्या वेळी मात्र पैसे आलेच नाहीत. त्याने सहा महिने पुरे भोगले.

मग आली ३ जानेवारी २००८ची सुनावणी. थकबाकी ५,७२८ डॉलर ७६ सेंट. बापाला वकील नाही, आईलाही नाही. जज्जांनी विचारलं, काही सांगायचंय? तो म्हणाला, सुटल्यावर पुन्हा नशेला लागलो, अधूनमधून थोडे पैसे भरले, कामाला लागलो तर पाठ मोडली, अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केलाय, आता नशा सुटलीय, चुकलो, एक संधी द्या. जज्जांनी आईला काही बोलायचंय का विचारलं, ती थोडंसं बोलली, आणि लगेच आदेश झाला: जाणूनबुजून अवमान, बारा महिने काउंटीच्या तुरुंगात. सगळी बाकी चुकती केली तर त्याआधी सुटका. पुढेमागे भत्ता मंजूर झाला तर त्यावरही बोजा चढवून ठेवला.

पाठ मोडलेल्या माणसाला कोणी विचारलं नाही की तुझ्याकडे आज आहे किती. कोर्टाच्या छापील फॉर्मवर त्यासाठी चक्क एक ओळ होती. पैसे भरायची ऐपत ‘होती’ की ‘नव्हती’, एकावर खूण करायची. ती ओळ कोरीच राहिली. फॉर्म छापणाऱ्याला जे सुचलं होतं, ते भरणाऱ्याने सोडून दिलं.

दिवाणी अवमानाचं सगळं तत्त्वज्ञान या ओळीवर उभं आहे. तिथली न्यायालयं शंभराहून अधिक वर्षं म्हणत आली आहेत की असा कैदी तुरुंगाची किल्ली स्वतःच्याच खिशात घेऊन फिरतो, आदेश पाळला की दार उघडलं. ही केलेल्या गुन्ह्याची सजा नव्हे, आदेश पाळायला लावण्यासाठीचा दाब आहे. पण खिशात किल्लीच नसेल तर? मग तो दाब राहत नाही. कर्जापायी कैद होते, नाव तेवढं वेगळं.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. टर्नर (हा बाप) विरुद्ध रॉजर्स (ती आई), २० जून २०११, पाच विरुद्ध चार. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्रेयर यांचा. अशा प्रत्येक माणसाला सरकारी खर्चाने वकील द्यायलाच हवा, हे त्यांनी मान्य केलं नाही. कारण समोर आईही बिनवकिलाची उभी असते, एकट्या बापाला वकील दिला तर पारडं उलट बाजूला झुकेल. मला हे पटलं. त्याऐवजी त्यांनी साध्या गोष्टी सांगितल्या: ऐपत हाच कळीचा मुद्दा आहे हे नोटिशीतच कळवा, उत्पन्नाची माहिती फॉर्मवर घ्या, त्यावर बोलायची संधी द्या, आणि ऐपत आहे असा स्पष्ट निष्कर्ष नोंदवा. यातलं काहीच झालं नव्हतं, म्हणून ती कैद घटनाबाह्य ठरली. तोवर बापाने वर्ष भोगूनही झालं होतं! पुढे २०१६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही नियम केला, की बालसंगोपनाची वसुली करणाऱ्या राज्यांच्या यंत्रणांनी अवमानाची पायरी चढण्याआधी ऐपत तपासावी.

आता टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी हिशेब. त्या वर्षभराच्या तुरुंगवासाने आईच्या हाती काय पडलं? २००९च्या डिसेंबरात थकबाकी होती १३,८१४ डॉलर ७२ सेंट. दुपटीहून जास्त. फॉर्मवरची ती कोरी ओळ बापाइतकीच आईलाही नडली, असं माझं मत आहे.

आपल्याकडे रस्ता वेगळा आहे. पोटगी थकली तर बहुधा अवमानाचा नाही, वसुलीचा अर्ज पडतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. पुरेसं कारण नसताना पैसे थकवले तर आधी वसुलीचं वॉरंट, तरीही बाकी राहिली तर दर महिन्याच्या थकबाकीसाठी जास्तीत जास्त महिनाभर कैद. आणि कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही. ऐपतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात, नोव्हेंबर २०२० मध्ये, सुरुवातीलाच आणून ठेवला: दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. हे प्रकरण आपल्या नागपूरहूनच वर गेलेलं.

कागदावर आपण ओकोनीच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात? ‘उत्पन्न : निरंक’ असं लिहिलेली प्रतिज्ञापत्रं मी गठ्ठ्याने पाहिली आहेत. एकाचं निरंक होतं आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला हार घातलेली नवी कोरी बुलेट. दुसरा खरोखर निरंक होता, कारखाना बंद पडून घरी बसलेला, वसुलीच्या वॉरंटावर पोलीस त्याला घेऊन आले तेव्हा पायात स्लिपर. दोघांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवली तर फरक सापडत नाही, कारण एकाच टायपिस्टाकडची.

म्हणून ऐपत तपासा म्हणणं हा नवऱ्यांचा कैवार आहे, हा आरोप मला मान्य नाही. बुलेटवाला पकडायचा असेल तर प्रतिज्ञापत्र वाचावं लागतं, बँकेचा उतारा मागावा लागतो, उलटतपासात हप्ता कुठून भरतोस विचारावं लागतं. त्याच चौकशीत स्लिपरवालाही कळतो. पहिल्याला जरूर आत टाका, मी स्वतः अर्ज करीन. दुसऱ्याच्या बाबतीत माझ्या पक्षकार बाईला मी सांगते की याला आत पाठवून तुला छदाम मिळणार नाही. नोकरी लागली की पगारातून कपातीचा आदेश घेऊ, तोवर रक्कम चढू दे. ती चिडते. चिडणारच, घरभाडं तिला याच महिन्यात भरायचंय.