थापी कोणाच्या हातात द्यायची

विषय निघाला पायऱ्यांवरून. आमच्या वाडीतून खाडीकडे गणपती विसर्जनाला उतरतात त्या चिऱ्याच्या पायऱ्या दोन पावसांत पार खचल्यात, म्हातारी माणसं हात धरूनच उतरतात. काल हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव आटपून आम्ही चौघं-पाचजण नेहमीच्या कट्ट्यावर बसलो होतो, समोर सुवर्णदुर्ग, चहा आलेला, आणि मी म्हटलं की वाडीत नववी-दहावीत अडकलेली, शाळेत जायची बंद झालेली आठ-दहा पोरं आहेत, चांगला गवंडी बघूया आणि त्याच्या हाताखाली या पोरांकडून पायऱ्या बांधून घेऊया, पोरं काम शिकतील आणि गावाला पायऱ्या मिळतील. एवढंच बोललो आणि वाद पेटला.

पहिला दादा उसळला. दादा बांधकामाची कंत्राटं घेतो, माणसं सांभाळून पिकलेला माणूस. "म्हणजे फुकटात मजूर पायजे तुला. श्रमदान म्हणायचं, फोटो काढायचा, आणि पोरगा महिनाभर रेती वाहतो. रेती वाहून कोण गवंडी झालाय काय?" मला राग आला पण बोलणं खोटं नव्हतं. श्रमदानाच्या नावाखाली पोरांना नुसती घमेली उचलायला लावलेली मी स्वतः बघितलीयेत.

मास्तर जास्त कडक बोलले. हायस्कूलला गणित शिकवतात, बोलणं हळू पण मुद्दा सोडत नाहीत. "डॉक्टरचा पोरगा नववीत नापास झाला की त्याला क्लास लावतात, खलाशाचा पोरगा नापास झाला की त्याच्या हातात थापी देतात. हे वाटप कोण करतं रे? पिढ्यान्पिढ्या हेच चाललंय, आता त्याला कौशल्य शिक्षण म्हणायचं एवढंच." वर कायदाही सांगितला, 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 च्या आतल्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही, 14 ते 18 ला धोक्याच्या कामावर बंदी, उद्या चिरा पायावर पडला तर जबाबदार कोण.

मी जरा वेळ गप्पच होतो. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, शाळा सुटलेली पोरं माझ्याकडे येतात, म्हणून हा विषय मला लागतो. मला आठवलं ते निसर्ग चक्रीवादळ. 3 जून 2020. आमच्या इथे घरटी कौलं-पत्रे उडाले होते, माडपोफळी आडव्या, लाइट कित्येक दिवस नाही, आणि लॉकडाऊनमुळे बाहेरगावचे कारागीर आपापल्या गावी गेलेले. पाऊस डोक्यावर आणि छपराला माणूस मिळेना. तेव्हा आमच्या शेजारचे एक म्हातारे सुतार, गुडघे गेलेले, वर चढता येत नव्हतं, त्यांनी खाली खुर्ची टाकली आणि वर एका नववी नापास पोराला चढवलं. खालून सांगायचे, रीप मोज, कौल लावून बघ, अंतर चुकलं तर कौल बसणार नाही आणि पाणी आत येणार, वळचणीकडून सुरू कर आणि आढ्याकडे जा. पहिल्या दिवशी दोन ओळी उलगडून परत लावायला लागल्या त्याला. आठवड्याभरात चार घरं झाली. शाळेत ज्याला मागच्या बाकावर बसवत होते त्या पोराला बायका दारात उभ्या राहून विचारत होत्या, आमच्याकडे कधी येतोस रे. मास्तर, तो पोरगा तुमच्याच वर्गातला होता.

मास्तर म्हणाले, "माहित्येय मला. आणि आता तो कुठाय?"

बोटीवर आहे, खलाशी. कारण कौलं झाल्यावर पुढे त्याला विचारायला कोणी गेलंच नाही, त्यात मीही आलो. हे मला मनापासून लागलेलं आहे आणि त्याच्यासाठीच मी पायऱ्यांचा विषय काढला होता. संकटात आपण पोरं वापरली, नंतर सोडून दिली.

मग मी पाबळचं सांगितलं. शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 ला सुरू केला, अमेरिकेत पीएचडी केलेला, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेला माणूस आणि मुद्दाम दुष्काळी गावात जाऊन बसला. त्यांनी आठवी ते दहावीच्या पोरांसाठी जो विषय तयार केला त्यात आठवड्यातला एक दिवस हाताने काम, वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, स्वयंपाक, आणि ते काम नुसतं प्रयोगवहीपुरतं नाही तर गावाला उपयोगी पडणारं. शाळा सुटलेल्यांसाठी वर्षभराचा निवासी कोर्स वेगळा. मास्तरांना माझं सांगणं हेच होतं की आठवी ते दहावीचा तो विषय अख्ख्या वर्गाला असतो. पहिला नंबर आणि शेवटचा नंबर दोघांच्या हातात तीच थापी. तुमचा वाटपाचा मुद्दा तिथेच सुटतो.

मास्तर म्हणाले की मग अशीच अट घाल, फक्त "ती पोरं" बाजूला काढलीस तर गाव त्यांना शिक्का मारणार. ही अट मी तिथल्या तिथे मान्य केली, कारण बरोबर आहे.

अमेरिकेत यूथबिल्ड म्हणून आहे, ते पण सांगितलं. 1978 ला न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये डोरोथी स्टोनमन या शिक्षिकेने तिथल्या पोरांना विचारलं की मोठ्यांची साथ मिळाली तर वस्तीसाठी काय कराल, आणि पोरं म्हणाली ही पडीक घरं दुरुस्त करू. तिथून ते देशभर गेलं, 16 ते 24 वयाची शाळा सुटलेली पोरं, थोडे दिवस साइटवर, थोडे दिवस वर्गात, घर बांधता बांधता राहिलेली परीक्षा पास व्हायची. वर्ग सुटत नाही ही त्यातली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नुसती साइट असेल तर दादा म्हणतो तसं रेती वाहणंच होणार.

आता तांडेल बोलला, बोट चालवणारा, इतका वेळ ऐकत होता. "तुमचं सगळं ठीक, पण कधी करणार? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा पोरं मोकळी, पण तेव्हा धो धो पाऊस, बांधकाम नाय. ऑक्टोबरपासून बांधकाम सुरू, तेव्हा पोरगा बोटीवर, आणि बोटीवर हातात पैसे मिळतात." याला कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं, मी आजवर विचारच केला नव्हता. बराच खल झाल्यावर असं निघालं की बंदीच्या दोन महिन्यांत आत बसून होण्यासारखं शिकवायचं, सुतारकाम, वायरिंग, माझ्या दुकानात मोटर, आणि पाऊस गेल्यावर फक्त रविवारी बाहेरचं काम, पहिल्यांदा ओढ्यावर वनराई बंधारा, सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून, त्यात खर्च नाही आणि चुकलं तर पाणी लगेच दाखवतं कुठे चुकलं ते. पायऱ्या त्याच्या नंतर. अंगणवाडीच्या ताई मध्येच म्हणाल्या, पोरं पोरं काय चाललंय, घरी बसवलेल्या मुली पण आहेत, वायरिंगला मुलगी चालत नाही का? चालते. लिहून घेतलं.

दादाचा शेवटचा मुद्दा मात्र सगळ्यात खरा. गवंडी रोजावर येतो, त्याला शिकवायला लावलं की काम अर्ध्यावर येतं, तो बुडालेला अर्धा रोज कोण देणार? शिकवणाऱ्याचा रोज पहिला बाजूला काढा, सिमेंट नंतर. आणि स्वतःच म्हणाला की चार रविवारचा रोज माझ्याकडून, पण दहाच्या वर पोरं नकोत, पायात बूट पाहिजेत, आणि पहिल्या दिवशी खऱ्या कामाला हात नाही, आधी चिखलात दोन थर रचायचे, वरचा सांधा खालच्या सांध्यावर आला तर पाडून परत.

आज सकाळी मास्तर टेप घेऊन पायऱ्यांवर आलेच. मी दोन पोरांना बोलावलं होतं. कोपरा बघताना मास्तरांनी एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करून तिरकं मोजायला लावलं, पाच यायला पाहिजे, आलं पाच फूट तीन इंच, म्हणजे कोपरा फाकलाय. एक पोरगा म्हणाला हे तर पायथागोरस, मास्तर काहीच बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा मी बघितला. मग पायऱ्यांच्या उंच्या मोजल्या, इंचात. सहा, सहा, आठ, सहा, सात. दुसरा पोरगा, जो वर्षभर शाळेत गेलेला नाही, आठच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "आजी इथेच अडखळते." मास्तरांनी विचारलं, पाचही सारख्या करायच्या तर केवढी एकेक? तो खाली बसला, चिऱ्यावर कोळशाने बेरीज मांडली, तेहतीस, आणि पाचाने भागायला लागला.