टोंकचा गाळ आणि ‘प्लास्टिकमुक्त’ खत

‘टोंकच्या प्रकल्पात सांडपाण्यातलं मायक्रोप्लास्टिक नष्ट होतं, गाळ बिनधास्त कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) घाला,’ असा मेसेज पणजीत, तिथल्या टोंक भागातल्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाबद्दल, फिरतोय. यातला ‘नष्ट’ हा शब्दच चुकीचा. मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे ५ मिलिमीटरहून बारीक कण. पॉलिएस्टरचा शर्ट मशीनमध्ये धुतला की सुटणारे तंतू त्यातलेच. प्रक्रियेत जिवाणूंचे पुंजके होतात, कण त्यांना चिकटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. चांगल्या प्रकल्पात बहुतांश कण असे पाण्यातून निघतात, हे खरंच. पण जातात कुठे? त्याच गाळात! जिवाणू सेंद्रिय मळ खातात, प्लास्टिक नव्हे. वाळूच्या किंवा मेम्ब्रेनच्या (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या) गाळणीने पाणी आणखी स्वच्छ होतं. अडकलेले कण मात्र उरतातच. तेव्हा माडा-पोफळींना गाळ घालण्याआधी तपासणीचा अहवाल मागा.