तारकर्लीचा डॉल्फिन आणि गंगेचा डॉल्फिन : फिरत्या संदेशाला उत्तर

कोल्हापुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर डॉल्फिनविषयीचा एक संदेश सध्या मालवणच्या सहलींच्या छायाचित्रांसह पुढे पाठवला जातो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे : जगातले सगळे डॉल्फिन मुळात एकाच जातीचे आहेत, समुद्रातला डॉल्फिन नदीत शिरला की गढूळ पाण्यामुळे आंधळा होतो आणि तोच गंगेतला डॉल्फिन, काळापांढरा ‘किलर व्हेल’ हा डॉल्फिन नसून डॉल्फिनांचा वैरी असलेला देवमासा आहे, गंगेतल्या काही जोड्या आणून पंचगंगेत सोडल्या तर नदी सुधारेल आणि पर्यटनही वाढेल, आणि तारकर्लीला रोज डॉल्फिन दिसत असल्यामुळे ते धोक्यात असल्याची ओरड खोटी आहे. यांपैकी एकही विधान टिकत नाही. पहिली तीन अज्ञानातून आलेली आहेत, पण उरलेली दोन लोकांनी खरी मानली तर त्यातून प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिला दावा एकाच जातीचा. केवळ समुद्री डॉल्फिनांच्या कुळात सुमारे ३७ जाती आहेत. फोंडा घाट उतरून तारकर्लीला गेल्यावर होडीतून बहुधा जो दिसतो तो हिंदी महासागरातला कुबडवाला डॉल्फिन. त्याच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो व त्या उंचवट्यावर छोटा पर असतो, आणि श्वासासाठी वर येताना अनेकदा त्याची चोच आधी पाण्याबाहेर दिसते. बाटलीसारख्या नाकाचा, म्हणजे बॉटलनोज डॉल्फिन, हा वेगळा. त्याच्या पाठीवर कुबड नसते आणि पर विळ्यासारखा मागे वळलेला असतो. ओडिशाच्या चिल्का सरोवरातल्या इरावडी डॉल्फिनला तर चोचच नाही, त्याचे डोके गोल असते. हे फरक वयाचे किंवा पाण्याच्या रंगाचे नाहीत. कुबडवाल्या डॉल्फिनांच्याही जाती एकाहून अधिक आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावरचा डॉल्फिन हा आग्नेय आशियातल्या कुबडवाल्या डॉल्फिनपेक्षा स्वतंत्र असल्याचे २०१४ साली झालेल्या वर्गीकरणात मान्य झाले.

गढूळ पाण्याने आंधळेपणा येतो हा दावा तपासायला आपलाच किनारा पुरेसा आहे. कुबडवाला डॉल्फिन खाड्यांच्या मुखाशी, गाळाने गढूळ झालेल्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरतो आणि तरीही त्याला दिसते. इरावडी डॉल्फिन मेकाँगसारख्या नदीच्या गोड्या पाण्यात राहतो, त्याचेही डोळे शाबूत आहेत. गंगेतल्या डॉल्फिनच्या डोळ्यात मात्र भिंगच नसते, त्यामुळे त्याला उजेड-अंधारापलीकडे फारसे काही कळत नाही. ही एखाद्या प्राण्याला आयुष्यात जडलेली व्याधी नव्हे. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत त्याची शरीररचनाच तशी झाली आहे. तो ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो, पुष्कळदा कुशीवर पोहतो, त्याची चोच लांब आणि निमुळती असते व तोंड मिटलेले असतानाही तिच्यातले पुढचे दात बाहेर दिसतात. पाठीवर परही नसतो, नुसता बुटका उंचवटा असतो. त्याचे कुळ समुद्री डॉल्फिनांपासून फार प्राचीन काळीच वेगळे झाले. ॲमेझॉनमधला गुलाबी डॉल्फिनही नदीतलाच, पण तो गंगेतल्या डॉल्फिनपेक्षा समुद्री डॉल्फिनांना जवळचा आहे. म्हणजे नदीत राहण्याची वाट वेगवेगळ्या वंशांनी आपापली स्वतंत्रपणे धरली. मला तर या सगळ्या प्रकरणातली हीच बाब सर्वांत विलक्षण वाटते, आणि तो संदेश नेमकी तीच पुसून टाकतो.

किलर व्हेलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ओर्का हा समुद्री डॉल्फिनांच्याच कुळातला, त्यातला सर्वांत मोठा प्राणी आहे. काही ओर्का इतर डॉल्फिनांची शिकार करतात हे खरे, पण त्यामुळे कूळ बदलत नाही. वाघाने बिबट्याला मारले म्हणून दोघांपैकी कोणी मार्जारकुळाबाहेर जात नाही.

पंचगंगेची कल्पना चांगल्या हेतूने मांडली गेली असेल, परंतु ती अमलात येण्याजोगी नाही आणि येऊही नये. गंगेतला डॉल्फिन गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना आणि कर्णफुली या नद्यांच्या प्रणालींतला प्राणी आहे. कृष्णेच्या खोऱ्यात तो नव्हता. त्याला बारमाही खोल डोह आणि वर-खाली जाण्यासाठी मोकळी वाट लागते. प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंतच्या पंचगंगेवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. शेतीसाठी त्यांचे मोल मोठे आहे, पण डॉल्फिनसाठी प्रत्येक बंधारा म्हणजे भिंतच. फराक्क्याच्या बराजमुळे गंगेत आणि अनेक बराजांमुळे सिंधू नदीत नदी-डॉल्फिनांची संख्या तुकड्यातुकड्यांत विभागली गेली, हा अनुभव समोर आहे. शिवाय ज्या नदीत सांडपाण्यामुळे उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच अनेकदा तरंगताना आपण पाहिला आहे, तिथे मासे खाऊनच जगणारा प्राणी सोडण्याचा विचार क्रूर ठरेल. डॉल्फिन सोडल्याने नदी स्वच्छ होत नाही. नदी स्वच्छ, खोल आणि वाहती असेल तिथेच तो टिकतो. आणि हा प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे कोणालाही तो हौसेखातर पकडून हलवता येत नाही.

राहिला रोज दिसण्याचा मुद्दा. तारकर्लीला काय दिसते यावरून गंगेतल्या संख्येबद्दल काहीच ठरत नाही, कारण दोन्ही प्राणी वेगळे आहेत. गंगेतल्या डॉल्फिनला २००९ साली राष्ट्रीय जलचर घोषित केले गेले. मार्च २०२५मध्ये जाहीर झालेल्या नदी-डॉल्फिनांच्या पहिल्या देशव्यापी गणनेत एकूण अंदाज ६,३२७ इतका आला, आणि त्यांत सिंधू नदीच्या जातीचे, बियास नदीत उरलेले, फक्त ३ होते. चीनमधल्या यांग्त्से नदीतला बैजी डॉल्फिन तर २००६च्या शोधमोहिमेत एकही आढळला नाही. तारकर्लीचा कुबडवाला डॉल्फिनसुद्धा जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. तो वारंवार दिसतो याचे कारण त्याची विपुलता नाही, तर त्याची राहण्याची जागा आहे. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यातच राहतो, त्यामुळे होडीवाल्यांना त्याचे कळप नेहमीच्या जागी सापडतात. नेमक्या त्याच पट्ट्यात मासेमारीची जाळी, यांत्रिक नौका, बंदरांची वर्दळ आणि पर्यटकांच्या होड्या असतात. एका कळपाला चारही बाजूंनी होड्यांनी घेरून इंजिन चालू ठेवले जाते, तेव्हा आवाजावर शिकार करणाऱ्या या प्राण्याचे भक्ष्य शोधणेच अवघड होते. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन विणींमध्ये काही वर्षे जातात, त्यामुळे जाळ्यात अडकून मेलेल्या एका प्रौढ मादीची जागा भरून यायला दीर्घ काळ लागतो.