भाजीत गोळी मिसळून दारू सुटत नाही

‘नवऱ्याच्या भाजीत न सांगता गोळीची पूड टाका, दारू आपोआप सुटेल’ असा मेसेज फिरतो आहे. ही गोळी बहुधा डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं औषध. तिने तलफ कमी होत नाही. दारूपासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड मोडणारं एन्झाइम ती अडवते, म्हणून ते साठत जातं. मग थोडी प्यायली तरी चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, आणि रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. म्हणूनच शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास ती देत नाहीत. बंद केल्यावरही परिणाम १४ दिवसांपर्यंत टिकू शकतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा नडतं. मुळात ती चालते भीतीवर. प्यालो तर त्रास होईल हे माहीतच नसेल, तर माणूस थांबेल कशाला? तलफेवर नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध असतं, तेही लिव्हर तपासून देतात.