‘अहिराणी कविता बाद केली’ या मेसेजबद्दल खुलासा

आमच्या शाळेच्या काव्यलेखन स्पर्धेत ‘अहिराणीत लिहिली म्हणून सातवीतल्या मुलीची कविता बाद केली’ असा मेसेज दोन दिवसांपासून जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. परीक्षकांपैकी मी एक, म्हणून सांगतो: कविता बाद झालेली नाही. ‘मनी माय’ने सुरू होणारा तो कागद, कोपऱ्यावर तेलकट बोटाचा डाग असलेला, अजून माझ्या टेबलावर आहे. त्यावर नाव नव्हतं, म्हणून तो निकालातून सुटला. वर्गशिक्षिकांनी अक्षर ओळखलं. सुधारित यादी सोमवारी फलकावर लागेल. आधीच चौकशी करायला हवी होती, ही चूक आमची.

मेसेजमधलं दुसरं वाक्य मात्र मला जास्त टोचलं: ‘बहिणाबाईंनीही अहिराणीतच लिहिलं.’ असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. अहिराणीत ‘माझी’चं ‘मनी’ होतं, त्यांच्याकडे ‘माझी’च राहतं. आपल्याच दोन बोली आपणच एका पोत्यात भरतो! शिवाय त्यांनी ‘लिहिलं’ही नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता सुचलेलं मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवलं. पुस्तक निघालं ते त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये.

तो मेसेज पुढे ढकलला असेल, तर हाही ढकला.