डेटा स्लाइसमुळे नाही, त्या लूपमुळे बिघडतो

नमपाय (NumPy) या पायथनच्या लायब्ररीतल्या अ‍ॅरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, एकमेकांवर येणाऱ्या स्लाइस (रांगेचे तुकडे) असाइन केल्या की डेटा खराब होतो, असं ठासून सांगणारा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. माझ्या भाचीने त्यावर विश्वास ठेवून प्रोजेक्टमधला नीट चालणारा कोड बदलला आणि तापमानाचा अख्खा कॉलम एकाच आकड्याने भरला. आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

मेसेज म्हणतो: अ[१:] = अ[:-१] (घरं ० पासून मोजतात; शेवटचं सोडून बाकीचे आकडे १ नंबरच्या घरापासून पुढे लिहायचे) लिहिलं की पहिली व्हॅल्यू पुढे पसरत जाते. त्यापेक्षा साधा फॉर लूप लावा, नाहीतर उजवीकडे दरवेळी कॉपी घ्या. पायथनच्या लिस्टलाही हाच धोका आहे. आणि एकच इंडेक्स दोनदा दिला की बेरीज चुकते, हा त्याच बगचा पुरावा.

लूपचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून तोच आधी. अ मध्ये १०, २०, ३०, ४०, ५० आहेत असं धरा. वरची स्लाइसची ओळ चालवा. उत्तर येतं १०, १०, २०, ३०, ४०, म्हणजे सगळं एक घर पुढे सरकलं, जे हवं होतं तेच. आता मेसेजमधला लूप: आय १ पासून ४ पर्यंत, अ[आय] = अ[आय-१]. पहिल्या फेरीत २० च्या जागी १० आला. दुसऱ्या फेरीत ३० च्या जागी जे उचललं जातं ते मूळचे २० नव्हेत, नुकताच लिहिलेला १० आहे. शेवटी पाचही घरांत १०. ज्या पसरण्याची भीती घातली, ते पसरणं या उपायातूनच होतं! लूप लावायचाच असेल तर तो शेवटाकडून मागे चालवावा लागतो, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. पाच आकड्यांवर एकदा चालवून बघायचे कष्टही लिहिणाऱ्याने घेतलेले नाहीत, याचा मला खरा राग आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. अ[१:] += अ[:-१], म्हणजे प्रत्येक घरात आधीच्या घरातला आकडा मिळवायचा, अशा ओळीचं उत्तर जुन्या नमपायमध्ये बेभरवशाचं होतं. पण २०१७ मध्ये आलेल्या १.१३ व्हर्जनच्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय की इनपुट आणि आउटपुटची मेमरी एकमेकांवर येत असेल, तरी उत्तर ती वेगळी असल्यासारखंच येईल, आणि गरज पडेल तिथे टेम्पररी कॉपी नमपाय स्वतः करेल. वरच्याच पाच आकड्यांवर आज १०, ३०, ५०, ७०, ९० येतात. चढती बेरीज (प्रत्येक घरात तिथपर्यंतची एकूण बेरीज) हवी असेल तर नमपायचं कमसम (cumsum) वापरा.

दरवेळी कॉपी घेतल्याने उत्तर चुकत नाही, पण एक कोटी फ्लोट६४ (प्रत्येकी ८ बाइटच्या) आकड्यांना ती कॉपी ८ कोटी बाइट खाते, तेही विनाकारण. एका मितीच्या सरळ सरकवण्यात नमपाय कॉपी न करता फक्त कुठल्या टोकापासून लिहायचं ते ठरवतं.

लिस्टचा मुद्दा साफ चूक. लिस्टची स्लाइस घेतली की नवी लिस्टच तयार होते, त्यामुळे लिहिताना उजवीकडच्या व्हॅल्यू बिघडायचा प्रश्नच नाही.

उरला दोनदा दिलेला इंडेक्स. अ[[१, १, ३]] += १ केलं तर १ नंबरच्या घरात एकचीच भर पडते, दोनाची नाही. मेसेजमधलं एवढं निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र चूक. आधी तिन्ही व्हॅल्यू बाजूला काढल्या जातात, त्यांत १ मिळवला जातो, मग त्या परत लिहिल्या जातात. म्हणून १ नंबरच्या घरात एकच आकडा दोनदा लिहिला जातो. हे नमपायच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणासकट दिलेलं आहे. प्रत्येक वेळची भर मोजायची असेल तर एनपी.अ‍ॅड.अ‍ॅट वापरा.

तो लूप लावून कुणी डेटा पुढे पाठवला असेल, तर आजच तो कॉलम उघडा. पहिल्या ओळीतला आकडा खालपर्यंत तसाच गेलेला दिसला तर मूळ फाइल पुन्हा वाचून घ्या. त्या कॉलममधून जुन्या व्हॅल्यू परत मिळणार नाहीत.